तारे दिसत नाहीत म्हणे!

‘अवकाशात तारे दिसतच नाहीत, मग यान ताऱ्यांवरून दिशा ओळखतं ही थाप आहे. सेन्सर जमिनीवर एकदा तपासले की झालं. वर गेल्यावरचं कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरची चूक मोजून जुळवणी करणं, ही खर्च दाखवायची सोय. जपानचा हितोमी उपग्रह अवकाशातला कचरा आदळून फुटला, सेन्सरचं नाव उगाच.’ हा मजकूर फिरत फिरत दहावीतल्या भाच्यापर्यंत पोचला आणि तो मला विचारतोय, ‘मामा, खरंय का?’ म्हणून हा खटाटोप.

ताऱ्यांचं आधी उरकतो. चंद्रावरच्या फोटोंत तारे नाहीत, कारण कॅमेरा उन्हातल्या जमिनीसाठी लावलेला होता. अपोलोचे अंतराळवीर सेक्स्टंटने, म्हणजे कोन मोजायच्या उपकरणाने, तारे पाहूनच दिशा जुळवत. अपोलो 13 च्या स्फोटानंतर भोवती चमकणाऱ्या तुकड्यांमुळे तारे ओळखता येईनात, तेव्हा सूर्यावरून दिशेचा पडताळा घेतला, एवढं कबूल. पण तारे होते तिथेच.

खरा संताप दुसऱ्या मुद्द्याचा. उड्डाणाच्या हादऱ्यांनी स्टार ट्रॅकर (तारे टिपून दिशा ओळखणारा कॅमेरा) आणि जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) यांची एकमेकांशी बसवलेली दिशा किंचित सरकते. जायरो तर यान स्थिर असतानाही थोडं फिरणं दाखवतो, आणि ही चूक तापमानानुसार बदलते. ती जमिनीवर एकदाच मोजून कशी भागेल? कक्षेत यान मुद्दाम वळवून जायरोचे आकडे ताऱ्यांशी ताडतात.

आता हितोमी. सुरुवातीला कचऱ्याची शंका घेतली गेली होती, हे खरं. पण जाक्साचा, म्हणजे जपानच्या अवकाश संस्थेचा, चौकशी अहवाल उघड आहे, तो वाचायला कोणी अडवलं होतं? 26 मार्च 2016 ला जायरो बिघडला नव्हता. जायरोची चूक किती, हा यानाचा अंदाज बिघडला. तासाला 21.7 अंशांनी! घड्याळाचा तासकाटासुद्धा याहून वेगात फिरतो. स्टार ट्रॅकर वेगळं सांगत होता, पण फरक मर्यादेबाहेरचा म्हणून सॉफ्टवेअरने त्याचंच म्हणणं फेटाळलं. स्थिर यान नसलेली गिरकी थांबवायला निघालं आणि खरोखर फिरू लागलं. मग थ्रस्टर, म्हणजे यान वळवणारी छोटी इंजिनं, पेटले, त्यांच्या नियंत्रणाचे आकडेही चुकीचे आणि न पडताळता चढवलेले. गिरकी वाढत गेली, सौर पंख मुळापासून तुटले. उड्डाणाला तेव्हा दीड महिनाही झाला नव्हता.

त्याची जागा घ्यायला एक्सरिझम उपग्रह उडाला, तोवर 2023 चा सप्टेंबर उजाडला होता.