मुंगीला आणि हत्तीला एकच खुराक

परत तेच! रात्री दोनपर्यंत 'ट्रॅव्हलर' या अंतराळातल्या रोल-प्लेइंग खेळासाठी जहाज डिझाइन करत बसलो आणि जहाजाचं निम्मं पोट इंधनाच्या टाकीनेच भरलं. खेळाच्या १९७७च्या नियमांत दर जंप-क्रमांकामागे (म्हणजे एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे किती लांब उडी मारता येते, त्या आकड्यामागे) जहाजाच्या एकूण टनांचा दहावा हिस्सा इंधनाला जातो. ते एक वेळ गिळतो, निदान प्रमाणात तरी आहे. पण जहाजाला ऊर्जा पुरवणारा पॉवर प्लांट? त्याच्या क्षमतेच्या क्रमांकाच्या दहापट टन इंधन. जहाज १०० टनांचं असो की १,००० टनांचं, तेवढंच! बरं, फ्युजन ना हे, अणू जोडून चिमूटभर इंधनातून प्रचंड ऊर्जा काढणारं? मग एवढा हायड्रोजन पितं कोण? पुढे 'हाय गार्ड' या खेळाच्याच पुरवणी पुस्तकाने पॉवर प्लांटच्या इंधनाला जहाजाच्या टनांवर टक्क्यांचा हिशेब आणला, तर चिमुकली जहाजं जवळजवळ फुकटात पळायला लागली. आपल्या गटापुरता घरचा नियम करावा, तर एक खेळाडू लगेच कॅल्क्युलेटर काढून पळवाट शोधतो. आणि मालाला जागा? विचारूच नका.