"विधवेने संस्था सांभाळावी, संसार नव्हे": एका फिरत्या मजकुराला उत्तर

गेल्या महिनाभरात एकच मजकूर माझ्या फोनवर चार निरनिराळ्या गटांतून आला. त्याचा आशय असा: गावातल्या मुलींसाठी शिवणवर्ग, अभ्यासिका, बचत गट असे काही चालवणारी विधवा समाजाला आईसारखी असते, तिने पुन्हा लग्न केले तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क जातो, पेन्शन बंद होते, मुले दुरावतात, आपल्या संस्कृतीत असे कधी नव्हते, आणि तिच्याकडे शिकायला येणाऱ्या मुली वाया जातात. शेवटी हात जोडलेले आणि 'पटले तर पुढे पाठवा'.

मजकुरात कोणाचेही नाव नाही. तरी आमच्या तालुक्यात तो कोणाला उद्देशून आहे हे सर्वांना कळले, कारण माझ्या आतेबहिणीने वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी दुसरे लग्न केले त्याच आठवड्यात तो फिरू लागला. ती चौदा वर्षे विधवा होती आणि त्यांपैकी अकरा वर्षे तिने मुलींसाठी शिवणवर्ग व अभ्यासिका चालवली आहे. तिचे आताचे यजमान निवृत्त शिक्षक आहेत, विधुर आहेत आणि पोलीस भरतीच्या मुलींना गणित शिकवायला म्हणून अभ्यासिकेत येऊ लागले होते. नाते आहे हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र मी दिवाणी न्यायालयात वकिलीही करते, आणि मजकुरातली पहिली तीन विधाने माझ्या रोजच्या कामातली आहेत.

मालमत्तेचे विधान आधी घेते, कारण सर्वांत जास्त नुकसान तेच करते. पुनर्विवाह केलेल्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपतो, असे कायद्यात एकेकाळी खरोखरच लिहिलेले होते. विधवाविवाहाला मान्यता देणारा जो 1856 चा कायदा आपण शाळेत अभिमानाने शिकलो, त्याच्याच दुसऱ्या कलमात ही मेख होती: लग्न कर, पण नवऱ्याच्या इस्टेटीपुरती तू मेलीस असे समजले जाईल. ती मेख 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने निकामी केली. नवरा मृत्युपत्र न करता वारला की त्याच क्षणी विधवा पहिल्या वर्गाची वारस म्हणून आपल्या हिश्शाची मालक होते, आणि चौदाव्या कलमानुसार ही मालकी पूर्ण असते. नंतर तिने लग्न केले म्हणून ती परत काढून घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये एका पुनर्विवाहित विधवेच्या बाबतीत हे स्पष्ट केले आहे. वारसाहक्क खुला होण्यापूर्वीच पुनर्विवाह केलेल्या काही विधवांना, उदाहरणार्थ सासऱ्याच्या आधी वारलेल्या मुलाच्या विधवेला, वगळणारे चोविसावे कलम 2005 च्या दुरुस्तीने रद्द झाले. मूळचा 1856 चा कायदाही 1983 मध्ये रद्द झाला. मुस्लिम विधवेचा हिस्साही, मुले असल्यास एक अष्टमांश आणि नसल्यास एक चतुर्थांश, तिच्या पुढच्या लग्नाने कमी होत नाही.

तरीही ही समजूत जिवंत का राहते, याचे उत्तर तलाठी कार्यालयात मिळते. नवऱ्याचे दिवस होऊन महिना उलटत नाही तोच वारस नोंदीचा विषय निघतो, आणि दीर किंवा चुलत सासरे समजुतीच्या सुरात सांगतात, "तुझे वय लहान आहे, उद्या लग्न केलेस तर जमीन जाणारच, त्यापेक्षा आताच हक्कसोड दे, आम्ही तुला वाऱ्यावर सोडणार नाही." सव्वीस वर्षांची मुलगी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठा टेकवते, कॅमेऱ्याकडे बघते आणि बाहेर येते तेव्हा सातबाऱ्यावर तिचे नाव कधी चढणारच नसते. मी पाहिलेल्या अशा प्रकरणांत बहुतेक वेळा त्या मुलीच्या मनात लग्नाचा विचारही नव्हता. लग्नाची भीती दाखवून जमीन सोडवून घेतली, इतकेच. हा मजकूर पुढे पाठवणारे सगळेच दुष्ट आहेत असे मी म्हणत नाही, पण तो नेमका कोणाच्या उपयोगी पडतो ते मला ठाऊक आहे.

पेन्शनचे विधान अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे म्हणजे किती खरे हे सांगितले पाहिजे. खासगी कारखान्यात भविष्य निर्वाह निधीच्या 1995 च्या योजनेतून मिळणारी विधवा पेन्शन पुनर्विवाहानंतर थांबते. पात्र मुलांना मात्र त्यानंतरही त्या योजनेतून लाभ मिळतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या निपुत्रिक विधवेचे कुटुंब निवृत्तिवेतन पुनर्विवाहानंतरही चालू राहू शकते, फक्त तिचे स्वतःचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असावे लागते. मुले असल्यास ते पात्र मुलांकडे जाते. लष्कराचे आणि राज्य शासनाचे नियम आपापले आहेत, म्हणून ज्या कार्यालयातून पेन्शन येते तिथेच लेखी विचारावे. अपघाताच्या नुकसानभरपाईची गोष्ट वेगळी आहे. मुंबई उच्च न्यायालयासमोर 2023 मध्ये एका विमा कंपनीने असा युक्तिवाद केला की विधवेने पुन्हा लग्न केल्यामुळे तिला भरपाई देऊ नये, आणि न्यायालयाने तो फेटाळला; भरपाई मिळेपर्यंत किंवा जन्मभर तिने विधवाच राहावे अशी अपेक्षा करता येणार नाही, असा त्या निर्णयाचा रोख आहे.

माझ्या बहिणीचे पहिले यजमान साखर कारखान्यात होते. तिची पेन्शन थांबली. आकडा तिला आधीपासून माहीत होता, तो दीड हजारापर्यंतही जात नव्हता, आणि लग्नाच्या नोटिशीवर सही करण्यापूर्वी तिने तो घरखर्चाच्या वहीत लिहून त्यावर काट मारली होती. म्हणजे मजकुराच्या लेखकाने दिलेली ही 'माहिती' तिला नवी नव्हती.

मुलांविषयी थोडक्यात सांगते. आईच्या दुसऱ्या लग्नामुळे मुलांचा ताबा आपोआप जात नाही. 1956 च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात मुलाचे हित सर्वांत वर ठेवलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2022 मध्ये असेही म्हटले की वडिलांच्या मृत्यूनंतर आई हीच नैसर्गिक पालक असल्यामुळे पुनर्विवाहानंतर मुलाचे आडनाव काय असावे हे तीच ठरवू शकते. माझी भाची चोवीस वर्षांची आहे आणि नोंदणी कार्यालयात साक्षीदार म्हणून तिनेच सही केली, त्यामुळे दुरावण्याचा प्रश्न निदान त्या घरापुरता मिटलेला आहे.

आता संस्कृती. 'आपल्यात असे कधी नव्हते' या वाक्यातले 'आपल्यात' फार मोजक्या घरांपुरते आहे. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत विधवेचा पाट लावण्याची, मोहतूर लावण्याची, म्हणजे तिचे दुसरे लग्न लावण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या होती. तिला पहिल्या लग्नाइतका मान नव्हता हे खरे, पण ती उघड होती आणि समाजमान्य होती. बंदी होती ती प्रामुख्याने ब्राह्मणांत आणि त्यांचे अनुकरण करू पाहणाऱ्या घरांत. ज्यांच्या पणजीचा पाट लागला होता अशा घरांतूनही आज हा मजकूर पुढे जातो, याचे मला हसू येते आणि थोडे वाईटही वाटते.

मजकुरात आदर्श म्हणून पुनर्विवाह न केलेल्या तीन विधवांची नावे दिली आहेत: रमाबाई रानडे, पार्वतीबाई आठवले आणि अनुताई वाघ. तिघींच्या कामापुढे मी नतमस्तक आहे. पण रमाबाईंनी पुण्यात 1909 साली सेवासदन उभे केले किंवा अनुताईंनी कोसबाडच्या आदिवासी मुलांत आयुष्य घातले, ते लग्न केले नाही म्हणून, हे कोणी सिद्ध केले? पार्वतीबाईंचे नाव घेताना तर लेखकाने त्यांच्या थोरल्या बहिणीकडे पाहायला हवे होते. देवरुखची ही बालविधवा गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या शाळेतली पहिली विधवा विद्यार्थिनी. सदन मुंबईत 11 मार्च 1889 ला सुरू झाले. बरोबर चार वर्षांनी, 11 मार्च 1893 ला, पुण्यात तिने विधुर धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न केले आणि ती आनंदीबाई झाली. कर्व्यांच्या मुरुड गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. धाकटीने पुनर्विवाह नाकारला, थोरलीने केला, आणि दोघींचेही आयुष्य कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या आश्रमाशी जोडलेले राहिले. एकाच घरातल्या दोघींपैकी एकीचेच नाव आदर्श म्हणून घ्यायचे, ही निवड लेखकाची आहे, इतिहासाची नाही.

याच ठिकाणी माझ्याविरुद्ध जाणारी एक गोष्ट मीच सांगते. कर्व्यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा विधवाविवाहाच्या चळवळीतील पदावरून ते बाजूला झाले, आणि पुनर्विवाहित असलेल्या आनंदीबाईंना आश्रमात सहज जागा मिळाली नाही. नवरा पुण्याहून हिंगण्यापर्यंत पायी जाई आणि जिच्यासारख्यांसाठी तो आश्रम होता ती बाहेर राही. मजकुराच्या लेखकाला हे माहीत असते तर त्याने ते नक्की वापरले असते. पण असे का झाले? आनंदीबाईंच्या हातून काम होत नव्हते म्हणून नव्हे. पुनर्विवाहाचा वास आला तर वर्गणीदार हात आखडतील आणि पालक आपल्या विधवा मुली पाठवणार नाहीत, ही भीती होती. कर्व्यांचा हिशेब त्या काळी कदाचित बरोबर असेल. मात्र ती देणगीदारांशी केलेली तडजोड होती, आणि सव्वाशे वर्षांनी तिलाच नीतितत्त्व म्हणून आपल्या हाती दिले जात आहे.

उरले शेवटचे विधान, मुली वाया जातात हे. मुली काय पाहतात ते सांगते. अभ्यासिका म्हणजे बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची जागा: दोन ट्यूबलाइट, सतरा खुर्च्या, कोपऱ्यात पायाची चार शिलाई मशीन, दारामागे खिळ्याला लावलेली सहीची वही. पूर्वी संध्याकाळी सात वाजता कुलूप लागायचे, कारण बहिणीला अंधारात एकटीने घरी जावे लागे आणि त्यावर बोलणारे लोक होतेच. आता सर साडेनऊपर्यंत बसतात, मशीनना तेल घालतात, शेकडेवारीची गणिते सोडवून घेतात आणि वाडीवरच्या दोघींना बहीण मोटारसायकलमागे बसवून पोहोचवते तेव्हा स्वतः सायकलवर येतात. मजकूर फिरल्यावर दोन पालकांनी मुली काढून घेतल्या. काम कमी झाले असेल तर ते या दोघींपुरते, आणि त्या लग्नामुळे गेलेल्या नाहीत, मजकुरामुळे गेल्या.

याच मुली लहानपणापासून दुसरेही काही पाहतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयोगटातील 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते. अशा लग्नांत नवरा वयाने बराच मोठा असला की वैधव्यही लवकर येऊ शकते. 2011 च्या जनगणनेत देशात विधवा चार कोटींहून अधिक आणि विधुर सव्वा कोटीच्या आसपास होते. बायका जास्त जगतात हे त्याचे एक कारण, आणि पुरुष पुन्हा लग्न करतात हे दुसरे. माझ्या बहिणीचे यजमान विधुर होते, ते मुलींना शिकवत होते आणि त्यांनीही दुसरेच लग्न केले. त्यांच्यामुळे कोणी वाया जाईल असे मजकुरात एक अक्षर नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने 4 मे 2022 च्या ग्रामसभेत कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पंधरवड्याच्या आत राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. आमच्या ग्रामपंचायतीनेही ठराव केला आणि तो फळ्यावर लावला. तरीही त्यानंतरच्या संक्रांतीला अभ्यासिकेतल्याच एका मुलीच्या घरी हळदीकुंकवाचे ताट माझ्या बहिणीसमोरून पुढे गेले होते.

शिवणवर्गात तेवीस वर्षांची एक विधवा आहे. तिचा नवरा ऊसतोडीच्या फेरीत ट्रॅक्टरखाली गेला. परवा तिने तोच मजकूर आपल्या फोनवर उघडून माझ्यापुढे धरला. माझ्या बहिणीच्या लग्नाविषयी तिला काहीच विचारायचे नव्हते. मालमत्तेच्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, "वकीलताई, हे खोटे असेल तर सोमवारी हक्कसोडीवर सही करायला मला बोलावलंय, तिथे जायचं नाही ना?"

मी तिला सातबारा आणि नवऱ्याचा मृत्यू दाखला घेऊन ये असे सांगितले.