काड कुजवायचं, पण नत्राचं काय?

दादानं आल्या आल्याच ठिणगी टाकली. "काड कुजवणारं कल्चर, म्हणजे जिवंत बुरशी-जिवाणूंचं ते द्रावण, ही नुसती बाटलीत भरलेली आशा. चमचाभर मातीत अब्जावधी जिवाणू आधीच आहेत, त्यात आणखी ओतून काय होणार?"

ताई बुरशींवर काम करते, ती गप्प बसणार नव्हतीच. "अब्जावधी असतील, पण त्यातल्या किती जणांना काड खाता येतं? काडात साधारण ३५ ते ४० टक्के सेल्युलोज, म्हणजे तंतूंचा मुख्य घटक, आणि ते लिग्निन या चिवट, लाकडासारख्या पदार्थाच्या वेढ्यात अडकलेलं. हा वेढा फोडणं पांढरी कूज करणाऱ्या मोजक्या बुरशींनाच नीट जमतं. भाताच्या पेंढ्याला वर सिलिकाचं कवच. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे तंबू कुजायला लागले, तेव्हा त्या सुती कापडावरून एक बुरशी वेगळी केली. तीच ट्रायकोडर्मा रीसी. आज कारखान्यांत सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारं विकर (एन्झाइम), बनवायला तिचेच सुधारित वाण वापरतात. म्हणजे नेमकी बुरशी निवडली तर फरक पडतो."

"पडतो ना," दादा म्हणाला, "पण तो तंबू दमट बेटावर होता. माझं काड उन्हात वाळत पडलंय."

इथे मी दादाच्या बाजूचा. कोरड्या, उभ्या धसकटांवर फवारलेली बुरशी ऊन लागून मरते. काड बारीक कापलेलं, मातीशी भिडलेलं आणि जमिनीला वाफसा असेल तरच ती रुजते. थंडीत काम मंदावतं. पाणी साचलं की हवा संपते, लिग्निन जवळपास तसंच राहतं आणि वर मिथेन सुटतो.

पण मला खरी काळजी नत्राची वाटते, आणि बाटलीच्या गप्पांत नेमकी तीच हरवते. एक टन गव्हाच्या काडात सुमारे ४०० किलो कर्ब आणि जेमतेम ५ किलो नत्र असतं, म्हणजे ८०:१. सूक्ष्मजीव यातला बराचसा कर्ब श्वासावाटे उडवतात आणि उरलेल्यातून स्वतःचं शरीर बांधतात. त्यांचा हिशेब २४:१ च्या आसपास जुळतो. म्हणजे ४०० किलो कर्बाला १६-१७ किलो नत्र हवं. कमी पडलेलं ११-१२ किलो ते मातीतून ओढून घेतात. नेमकं तेव्हाच पुढचं पीक उगवत असेल तर ते पिवळं पडतं. हे नत्र बुडत नाही, ते सूक्ष्मजीव मेल्यावर परत मिळतं, पण रोपाला तोवर थांबता येत नाही. कल्चर जितकं चांगलं तितकी ही ओढ लवकर सुरू होते! म्हणून काडासोबत थोडा युरिया किंवा शेणखत द्यायचं, नाहीतर पेरणीआधी पुरेसा काळ सोडायचा.

"मग पेटवलेलंच बरं," दादा म्हणाला. खरंच चिडून.

नाही. पेटवलं की नत्र जवळजवळ सगळं धुरात जातं आणि कर्बही जातो. पालाश तेवढा बराचसा राखेत उरतो. शिवाय तो धूर लहान पोरांच्या छातीत जातो, हे मला कुठल्याही घाईच्या बदल्यात मान्य नाही. दोन पिकांमध्ये दिवस कमी असतील तर तिथेच कल्चरला संधी द्यावी. सवड असेल तर मातीतलेच जीव काम उरकतात.

"बाटलीतलं जिवंत आहे हे कळणार कसं?" दादाचा शेवटचा मुद्दा. हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. ताई म्हणाली, जाळीच्या पिशव्यांत वाळलेलं काड सारख्या वजनाचं भर. निम्म्या पिशव्यांना कल्चर दे, निम्म्यांना तेच कल्चर नीट उकळून, गार करून. नुसतं पाणी दिलंस तर बाटलीतल्या गुळपाण्याचा आणि नत्राचा परिणाम बुरशीच्या खात्यावर जाईल. सगळ्या एकाच खोलीवर पुर, महिन्याभरानं काढ, माती झटकून वाळव आणि वजन कर.

उकळण्याची गोष्ट दादाला पटली. पिशव्या किती घ्यायच्या, यावर मात्र दोघं अजून भांडतायत.