वर्गातला वजनकाटा

एप्रिलमध्ये ताईने विश्रामबागेतून व्हिडिओ कॉल केला, तेव्हा भाचा मागे पलंगावर बसला होता. अंगात शाळेचं जर्किन, चेन गळ्यापर्यंत ओढलेली. सांगलीतली एप्रिलची दुपार म्हणजे पंख्याचा वाराही गरम. मी विचारलं, "ताप आलाय का रे?" त्याने नुसती मान हलवली आणि उठून आत गेला.

मग ताई हळू आवाजात बोलली. शाळेत आरोग्य तपासणी झाली होती. सातवीच्या वर्गात टेबलाशेजारी वजनकाटा ठेवला, एकेकाला नाव घेऊन बोलावलं आणि एका सरांनी आकडा मोठ्याने वाचला, दुसऱ्यांना वहीत लिहून घेता यावा म्हणून. याचा आकडा बासष्ट. त्या दिवसापासून वर्गात त्याला कोणी नावाने हाक मारत नाही. 'ए बासष्ट' म्हणतात. जर्किन तेव्हापासून अंगावरून उतरलेलं नाही.

ताईने हे घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि दोन तट पडले. काका म्हणाले, लाज वाटली तर दोन घास कमी खाईल, आम्ही तर छड्या खाल्ल्या. मावशी म्हणाली, खात्यापित्या घरचं पोर आहे, वयात आलं की उंची धरेल, शाळेने यात पडूच नये. सीबीएसईने मे २०२५ मध्ये शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले, म्हणजे कशात किती साखर असते आणि दिवसाला किती पुरे, हे मुलांना भिंतीवर वाचता यावं. त्यावरूनही ग्रुपवर दोन दिवस जुंपली.

मी चौदा वर्षं इंग्लंडमध्ये साउदम्प्टनला राहतो. काकांचं मला अजिबात पटत नाही आणि मावशीचं अर्धंच पटतं.

इथेही शाळेत मुलांची उंची-वजनं घेतात. २००५-०६ पासून हे चाललंय, एकदा चार-पाच वर्षांच्या मुलांची आणि एकदा दहा-अकरा वर्षांच्या. पण एकेकाला बाजूला नेऊन, इतरांना दिसणार नाही असं. आकडा मुलाला सांगत नाहीत, वर्गशिक्षकांनाही नाही. घरी पालकांना पत्र येतं आणि ज्यांना हे मोजणंच नको असेल, ते आधी तसं कळवू शकतात. गेल्या वर्षी आमच्याकडे ते पत्र आलं. मी कामावर होतो, पाकीट मुलीने फोडलं. रात्री जेवताना तिने पोळीचे दोन तुकडे केले, एक परत डब्यात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, मी आता रोज एवढीच खाणार." दहा वर्षांची मुलगी. पुढचे तीन-चार महिने त्या अर्ध्या पोळीवरून घरात रोज काहीतरी व्हायचं. तेव्हा इकडचं सगळं छान असं मी म्हणणार नाही.

मोजून आकडा खाली आला, असंही झालेलं नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलांत तिघांतल्या एकाचं वजन आजही जास्त भरतं. फरक एवढाच की इथे लठ्ठपणा गरीब वस्त्यांत सुखवस्तू वस्त्यांच्या दुपटीहून जास्त आहे आणि सांगलीत तो जास्त करून बंगल्या-फ्लॅटमध्ये दिसतो. उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. एप्रिल २०१८ पासून १०० मिलीलीटरला ५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असलेल्या शीतपेयांवर कर बसला आणि कंपन्यांनी बाटलीतली साखर भराभर कमी केली. एकाही मुलाला त्यासाठी वर्गापुढे उभं करावं लागलं नाही. म्हणून मला साखरेचा फलक चालतो. त्यावर नाव बाटलीचं असतं, पोराचं नसतं.

काकांना एक सांगायचं आहे. वजनावरून ज्यांना घरातूनच चिडवलं जातं, त्या मुलांचं वजन पुढे वाढण्याचीच शक्यता जास्त असते, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. चोरून खाणं, उपाशी राहणं, मग एकदम खूप खाणं, हे मागून येतं. आपल्याकडे 'ढब्बू', 'ढोल्या' हे लाडाने म्हणतात, मान्य आहे. पण मुलाला त्यातला लाड ऐकू येत नाही.

आणि लाज कशाची वाटायची? आमची आजी आटपाडीची. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची, सुकडी आणि अमेरिकेतून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी खाऊन तिने दिवस काढले. तिच्या लेखी नातवाच्या अंगावरचं मांस म्हणजे घरातली कणगी. 'अजून एक घे' हे तिचं पालुपद त्या दुष्काळातून आलेलं होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांची तुलना केली ती नेमकी आमच्या या साउदम्प्टनच्या बाळांशी. तिकडचं बाळ सरासरी २.७ किलोचं, इथलं ३.५ किलोचं. स्नायू आणि अवयव तिकडच्या बाळाचे खूपच लहान, चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. बारीक दिसणाऱ्या आपल्या बाळात चरबीचं प्रमाण जास्त असतं, आणि त्यामागे आयांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी जगण्याचा हात आहे, असं हे संशोधक मानतात. आजीची भूक भाच्याच्या पोटावर दिसत असेल, तर तो त्याचा गुन्हा कसा?

मावशी, पण म्हणूनच 'उंची धरेल' म्हणून गप्प बसून चालणार नाही. ताई सहज बोलून गेली की त्याच्या मानेवर काळा पट्टा आलाय, कितीही घासलं तरी मळ निघत नाही. तो मळ नसतो. शरीराला इन्सुलिन नीट वापरता येत नसेल, तर मानेची कातडी अशी काळी आणि जाडसर होते. मी तिला म्हटलं, घासणं बंद कर आणि त्याला मुलांच्या डॉक्टरांकडे ने. सांगली-मिरजेत डॉक्टरांना काय तोटा? खोलीत फक्त तू, तो आणि डॉक्टर. वजनही तिथेच होऊ दे.

दुसरं, त्याचा दिवस. शाळा, मग साडेआठपर्यंत क्लास, मग मोबाइल, झोपायला बारा. या वयाच्या मुलाने रोज तासभर तरी घाम गाळावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो तास त्याच्या दिवसात आम्हीच ठेवलेला नाही. कृष्णेत तर मगरींच्या भीतीने आता कोणी पोरांना सोडत नाही.

मला राहून राहून तालीम आठवते. हौद्यातली तांबडी माती, तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू. माझ्याबरोबर एक चांगला जाड मुलगा यायचा. शाळेत त्याची टर उडायची. वस्तादांनी पहिल्या दिवशी त्याचा खांदा दाबून पाहिला आणि म्हणाले, "पिंड चांगलाय." कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मानेंचा हा जिल्हा, इथे भरलेल्या अंगाला मान होता, कारण त्या अंगाने काय करता येतं ते आधी बघायचे. आजच्या जिममध्ये चारी भिंतींना आरसे आहेत आणि सोळा वर्षांची पोरं पावडरीचे डबे घेऊन त्यात दंड निरखतात. पूर्वी तालीम फक्त मुलग्यांची होती, हा तिच्यातला मोठा दोष. तोही आता कमी होतोय. २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली आणि गदा सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने घेतली. तो व्हिडिओ मी माझ्या मुलीला दाखवला. तिने तो तीनदा बघितला.

गेल्या रविवारी भाच्याचाच फोन आला, ताईला न सांगता केलेला.

"मामा, तालमीत शर्ट काढावा लागतो?"

"लागतो. सगळ्यांनाच."

बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "पहाटे किती वाजता उघडते?"