दहावा आकडा

गेल्या सोमवारी कपाशीवर फवारायचे औषध कालवत असताना खिशातला फोन दोनशे लिटरच्या ड्रमात पडला. सिमकार्ड वाचले, फोन गेला. दारव्ह्याहून नवा फोन आणला आणि ईमेलचा पासवर्ड पहिल्याच झटक्यात आठवल्याच्या आनंदात असतानाच पडद्यावर मागणी आली, की ॲपमधील सहा अंकी कोड द्या. मुलीच्या प्रवेशाची सगळी कागदपत्रे त्या ईमेलमध्ये होती आणि ते ॲप ड्रमात होते.

‘नंबर तं तोच हाय ना जी?’ असे दुकानदाराने तीनदा विचारले. हा कोड नंबरावर येतच नाही. सुरुवातीला चौकोनी क्यूआर कोड टिपला, की एक गुप्त किल्ली फोनात जाऊन बसते आणि त्या किल्लीवरून व घड्याळावरून फोन दर 30 सेकंदांनी नवे सहा आकडे स्वतःच काढतो. 2011 मध्ये आरएफसी 6238 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीला टॉवर लागत नाही, म्हणून आमच्या गावासाठी हीच उत्तम, असे मीच शाळेत सर्वांना ऐकवले होते. ते आता सर्वांना नेमके आठवते.

अशा वेळेसाठी मिळालेले आठ-आठ अंकी दहा राखीव कोड मी छापून कॅलेंडरमागे ठेवले होते. जानेवारीत कॅलेंडर बदलले आणि जुने, आतल्या कागदासकट, तंबाखूच्या पुड्या बांधायला आबाजींकडे गेले.

आबाजी पानठेल्यावर सापडले. कागदाचे नाव काढताच त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिले आणि आवाज खाली आणला.

‘मास्तर, तुमचे आकडे काई कामाचे नाईत. नऊ लावून पाह्यले. एक बी लागला नाई.’

मला समजायला थोडा वेळ लागला. ‘आबाजी, ते मटक्याचे नव्हते हो!’

‘मंग लपवून काहून ठेवले होते?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण लपवून ठेवण्याची सूचना खुद्द कंपनीचीच होती. ते माझे खाते उघडायचे आकडे असून प्रत्येक आकडा एकदाच चालतो, असे मी समजावून सांगितले.

‘माह्यावाला तं एकदा बी नाई चालला. नव्वद रुपये गेले माहे,’ असे म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मी (हे लिहिताना अजूनही चीड येते) पन्नासची नोट काढून दिली.

मग त्यांनी बंडीच्या खिशातून पुडी काढली. प्रत्येक कोडच्या शेवटच्या दोन अंकांची जोडी लावायची म्हणून त्यांनी कागदाची उजवी कडा फाडून आकडे घेणाऱ्याला नेऊन दिली होती. कडा तिरपी फाटल्यामुळे तळचा दहावा कोड तेवढा शाबूत होता. मात्र त्याच्या शेवटच्या अंकावर चुन्याचे बोट उमटले होते. तो एक होता किंवा सात.

मी एक टाकला. चुकला. घाईत तोच पुन्हा टाकला, आणि फार वेळा प्रयत्न झाल्यामुळे नंतर या, असा निरोप आला. दरम्यान खाते परत मिळावे म्हणून भरलेल्या अर्जात खाते कोणत्या महिन्यात उघडले, असे विचारले होते. पेरणीचा महिना सांगता येतो, हा कसा सांगावा? हे खाते तुमचेच असल्याची खात्री पटली नाही, असे उत्तर आले. ज्या गावात माझ्या पणजोबांच्या बैलांची नावेसुद्धा लोकांना पाठ आहेत, तिथे बसून मी हे वाचले, आणि दाद मागायला माणूस म्हणून कोणी नव्हता. नुसते एक ‘पुढे’ असे बटण होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर, जिथे रेंज येते तिथे, सात टाकला आणि खाते उघडले. खालच्या पायरीवर आबाजी उभेच होते.

‘उघडलं?’

‘उघडलं.’

‘म्हंजे सत्तेचाळीस,’ असे म्हणून माझी पन्नासची नोट मुठीत धरून ते बसथांब्याकडे निघाले.