एलईडी ड्रायव्हरवर पैसे का घालायचे? यावलकडच्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण कामाची आहे. दोन ओळींत उरकण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर लिहितो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. घरी बनवलेल्या ग्रो लाईटला (रोपं वाढवायच्या एलईडी दिव्याला) ठरावीक करंट देणारा, आयसोलेटेड ड्रायव्हरच लावा, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा असा डबा, ज्याचं आउटपुट घरातल्या लाईनला थेट जोडलेलं नसतं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर भाऊंचं म्हणणं असं, की खान्देशात ऊन फुकट आहे, इथे ग्रो लाईट म्हणजे शहरी चोचले. आणि लावायचाच झाला तर शे-दीडशे रुपयांत थेट २२० व्होल्टवर चालणारी ५० वॅटची चिप मिळते. मग मीनवेल कंपनीचे महागडे ड्रायव्हर सुचवून "ब्रँडची दलाली" कशाला?

दलालीचं आधी निपटवतो. मीनवेलवाल्यांनी मला आजवर चहासुद्धा पाजलेला नाही. त्यांचं नाव घेतो ते एवढ्यासाठी, की त्यांच्या डेटाशीटमध्ये लिहिलेलं आणि डब्यातून निघालेलं सारखं असतं. पण दोन बाय चार फुटांच्या रॅकला त्यांची महागडी एचएलजी मालिका लागत नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्यच आहे.

उन्हाचं म्हणणं मात्र निम्मंच खरं. केळीच्या बागेवर दिवे टांगा असं कोणी म्हणत नाही. पण तुमच्या यावल-रावेर पट्ट्यात लागणारी ग्रँड नैन केळीची टिश्यू कल्चर रोपं आधी बंद खोलीत, रॅकवर, कृत्रिम उजेडातच वाढतात ना? मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना मिरचीची रोपं शेडनेटखालीही माना टाकतात. मग घरातल्या त्यातल्या त्यात गार खोलीत ट्रे ठेवले, की तिथे ऊन नाही. अशा रोपांना १५० मायक्रोमोलच्या (रोपांच्या कामाचा उजेड मोजायचं एकक, दर चौरस मीटरला दर सेकंदाला) आसपास उजेड सोळा तास दिला तरी भागतं. चांगल्या एलईडीने हे काम दोन बाय चारच्या एका कप्प्याला साधारण ५५-६० वॅटमध्ये होतं, म्हणजे रोजचं एक युनिट. आपण एवढ्याशा कामाबद्दल बोलतोय.

आता तुमची ती चिप. तिला बाजारात डीओबी (ड्रायव्हर ऑन बोर्ड) म्हणतात. ड्रायव्हर तिच्याच पाटीवर चिकटवलेला असतो. स्वस्त का, तर त्यात ट्रान्सफॉर्मरच नाही. घरातली लाईन आणि एलईडी यांच्यात काही आडवं नसतं. ॲल्युमिनियमची पाटी आणि आतला जिवंत प्रवाह यांच्यामध्ये असतो इन्सुलेशनचा पातळसा थर. तो थर फाटला, स्क्रू तिरपा बसला किंवा पंपाचा फवारा आत गेला, की हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) आणि त्याला जोडलेला लोखंडी रॅक लाईव्ह. आणि आपण तिथे काय करतो? ओल्या हाताने ट्रे सरकवतो.

दुसरं म्हणजे आपल्याकडचं व्होल्टेज. संध्याकाळी मोटारी चालू असल्या की १७०-१८०, मध्यरात्री लोड उतरला की २५० च्या वर, हे गावातल्या कोणालाही सांगावं लागत नाही. डीओबीमधल्या साध्या आयसी जादाचं व्होल्टेज उष्णता करून जाळतात. म्हणजे व्होल्टेज चढेल तसा उजेड फारसा वाढत नाही, चिप तेवढी तापते. शिवाय ती सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. रोपांना त्याचं फारसं सोयरसुतक नाही, पण खोलीत बसून काम करणाऱ्याचं डोकं दुखू शकतं.

साधा १२ किंवा २४ व्होल्टचा सीसीटीव्हीचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) थेट लावला तर, असंही तुम्ही विचारलंय. तो आयसोलेटेड असतो, पण व्होल्टेज ठरावीक देतो आणि एलईडीला हवा असतो ठरावीक करंट. एलईडी तापला की त्याचं फॉरवर्ड व्होल्टेज (पेटायला लागणारं व्होल्टेज) उतरतं. पुरवठ्याचं व्होल्टेज तेवढंच राहिलं तर करंट वाढतो, मग तो आणखी तापतो. हे चक्र उतारावर ब्रेक गेलेल्या ट्रॅक्टरसारखं आहे. जानेवारीत ठीक चाललेली जोडणी एप्रिलमध्ये जळते ती यामुळे.

मग स्वस्तात काय? माझी पहिली पसंती जुन्या लॅपटॉपच्या अडॅप्टरला. लॅपटॉप मरतो, अडॅप्टर उरतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा तालुक्याच्या कुठल्याही रिपेअरिंगवाल्याकडे असे पडलेले असतात. १९ व्होल्ट, ६५ किंवा ९० वॅट, आयसोलेटेड, आणि इनपुट बहुधा १०० ते २४० व्होल्ट. नामांकित कंपनीचा आणि बीआयएस नंबर छापलेला घ्या. त्यापुढे एक्सएल४०१५ आयसीचं छोटं बक (व्होल्टेज उतरवणारं) मॉड्यूल लावा, पण दोन स्क्रूचं, ज्यात करंटही बांधता येतो. एकच स्क्रू असलेलं आपल्या कामाचं नाही. मॉड्यूलवर ५ अँपिअर लिहिलेलं असतं, तुम्ही ३ च्या खालीच राहा. पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्टचा, म्हणून पाच-पाचच्या माळा करा. १५ व्होल्ट होतात आणि मॉड्यूलला श्वास घ्यायला जागा उरते. माळा समांतर जोडताना प्रत्येकीत एक-दोन ओहमचा रेझिस्टर टाका, नाहीतर एक माळ जास्त खाते आणि दुसरी उपाशी राहते. आधी काही न जोडता व्होल्टेज १६-१७ वर आणा, करंटचा स्क्रू पूर्ण खाली करा, मग बंद करून एलईडी जोडा, मीटर मध्ये घाला आणि चालू करून करंट हळूहळू चढवा.

३६ व्होल्टची सीओबी चिप (एकाच पाटीवर अनेक एलईडी असलेली) घेतली असेल तर हा जुगाड चालत नाही, कारण बक मॉड्यूल व्होल्टेज उतरवतं, चढवत नाही. तिथे फ्लडलाईटचा ड्रायव्हर शोधा. ५० वॅटच्या फ्लडलाईटमध्ये बहुतेकदा ३०-३६ व्होल्ट, १५०० मिलिअँपचा असतो. चिप जळून टाकून दिलेल्या फिटिंगमध्ये ड्रायव्हर अनेकदा धडधाकट निघतो, आणि भंगारवाला तो वजनावर देतो. फक्त तो आयसोलेटेड आहे का ते तपासा. प्लग काढलेला असताना मीटर डायोडवर ठेवून इनपुटच्या प्रत्येक तारेपासून आउटपुटच्या प्रत्येक तारेपर्यंत उलटसुलट मोजा. कुठेही आकडा दिसला तर तो आपल्या कामाचा नाही. टेस्टरवर विसंबू नका. आतल्या वाय कपॅसिटरमुळे (इनपुट आणि आउटपुट यांच्यामधला छोटा कपॅसिटर) चांगल्या ड्रायव्हरवरही तो मिणमिणतो, आणि लोक उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त होतात.

नवीनच घ्यायचा तर मीनवेलची एलपीसी मालिका बघा. एलपीसी-६०-१४०० हा ९ ते ४२ व्होल्टच्या दरम्यान १.४ अँपिअर देतो, म्हणजे ३६ व्होल्टच्या एका सीओबीला नेमका. एचएलजीसारखा धातूचा डबा नाही, पॉवर फॅक्टरची सुधारणा (लाईनमधून करंट सुरळीत ओढायची सोय) नाही, म्हणूनच स्वस्त. एका कप्प्याला त्यावाचून काही अडत नाही. कार्यक्षमतेच्या टक्क्यांसाठीही जादा पैसे मोजू नका. ६० वॅटच्या दिव्यात ८० आणि ९० टक्क्यांतला फरक रोज सोळा तासांना ०.१३ युनिटच्या आसपास येतो.

दोन सवयी मात्र लावून घ्या. ड्रायव्हर चालू असताना एलईडी जोडू नका; आउटपुटच्या कपॅसिटरमध्ये साठलेलं चढं व्होल्टेज एका झटक्यात चिपमध्ये जातं. आणि ड्रायव्हर पत्र्याखाली, रॅकच्या माथ्यावर ठेवू नका, बाहेर खालच्या अंगाला ठेवा. कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. आपल्याकडे मे महिना पत्र्याखाली काय असतो ते तुम्हाला मी काय सांगू! रॅकला अर्थिंग आणि त्या लाईनवर ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच), हे ड्रायव्हर कोणताही असो, हवंच.

तुम्ही आणून ठेवलेल्या चिप फेकू नका. चांगल्या हीटसिंकवर, काचेच्या बंद फिटिंगमध्ये आणि अर्थिंग करून खळ्यात किंवा गोठ्याबाहेर हात पोचणार नाही इतक्या उंचीवर लावा. तिथे त्या चालतील.