एलीयाला देवानं आधी भाकर दिली

‘मरणाचे विचार आणि ख्रिस्ती माणूस: पाच सत्ये’ असा एक मेसेज सध्या मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर फिरतोय. त्यातली पाच सत्ये अशी: खऱ्या विश्वासणाऱ्याच्या मनात मरणाचा विचार येतच नाही. आलाच तर गोळ्या सोडून सात दिवस उपास-प्रार्थना करावी. कुणाला सांगू नये, सांगितल्यानं सैतानाला बळ मिळतं. जीव देवाचा आहे. आणि स्वतःचा जीव घेणाऱ्याला क्षमा नाही.

परवा दारव्ह्याकडून वहिनींचा फोन आला. “भाऊजी, मोबाईलवरचं ते वाचून यायनं गोळ्या बंद केल्या. उपास धरला. रातभर डोया लागत नाई यायचा.” माझा आतेभाऊ दोन हंगामांपासून खचलेला आहे. बोंडअळी, सोसायटीचं कर्ज, मग अंथरूण. गोळ्यांनी जरा कुठं वावरात जायला लागला होता. म्हणून हे लिहितोय, आणि रागानंच लिहितोय.

विश्वासणाऱ्याच्या मनात हा विचार येत नाही म्हणे! मेसेज लिहिणाऱ्यानं बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय उघडलाय का? आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्ट्याच्या प्रार्थनेनं आकाशातून अग्नी उतरला. त्याच्याहून मोठा विश्वास कुणाचा? तोच एलीया ईजबेल राणीच्या धमकीनं पळाला, चाकराला बैरशेब्यात सोडलं, एकटाच दिवसभर रानात चालत गेला आणि एका झुडपाखाली बसून म्हणाला, देवा, पुरे झालं, माझा जीव घे.

आता देवानं काय केलं ते बघा. दटावलं नाही. विश्वास कुठं गेला, असं विचारलं नाही. एलीया झोपला, त्याला झोपू दिलं. मग दूतानं हात लावून उठवलं, म्हणाला, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. खाऊन तो पुन्हा झोपला. दूत दुसऱ्यांदा आला: ऊठ, खा, वाट तुला झेपणार नाही एवढी लांब आहे. बोलणं पुढं होरेब डोंगरावर झालं, आणि तिथंही देवानं त्याला अलीशा हा सोबती दिला. मरण मागणाऱ्या माणसाला देवानं दोनदा जेवू घातलं, आणि हा मेसेज त्याला सात दिवस उपाशी ठेवायला निघालाय. मोशेनं मरण मागितलं, योनानं मागितलं, ईयोबानं जन्मदिवसाला शाप दिला. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. देवाला ते ऐकायला जड गेलं नाही.

गोळ्यांचं सांगतो. प्रेषित पौलानं ‘प्रिय वैद्य’ म्हटलेला लूक शुभवर्तमान लिहितो. आपल्याकडं उमरीला, कोठाऱ्याला मिशनचे दवाखाने उभे राहिले, ते काय विश्वास कमी पडला म्हणून? मनाच्या आजाराच्या गोळ्या एकाएकी सोडल्या की त्रास उलटतो. कमी करायच्या की बंद, हे डॉक्टर ठरवतील. प्रार्थना सोडा असं मी म्हणत नाही. प्रार्थनेनं माणूस तगतो, हे मी आमच्याच घरी पाहिलंय. गोळी घेऊन प्रार्थना करता येते.

सांगू नये, हे तर उलटंच आहे. ‘तुझ्या मनात जीव द्यायचं येतं का?’ असं सरळ विचारल्यानं तो विचार पेरला जात नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. विचारा.

जीव देवाचा आहे, हे एक खरं. मानतो. पण ते धीर द्यायला सांगायचं असतं, धाक घालायला नाही.

राहिली क्षमा. मेसेजमध्ये येशूला धरून देऊन मग स्वतःचा जीव घेतलेल्या यहूदाचा दाखला दिलाय. येशूनं ‘तो जन्मला नसता तर बरं’ म्हटलं ते भोजनाच्या वेळी, विश्वासघाताबद्दल. त्याच्या मरणाबद्दल नव्हे. आमची मंडळी कॅथलिक नाही, पण १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिकवणीतले परिच्छेद २२८२ आणि २२८३ प्रत्येक पाळकानं वाचावेत. गंभीर मानसिक विकार किंवा तीव्र मनोवेदना असेल तर माणसाची जबाबदारी कमी होते. जीव दिलेल्यांच्या तारणाविषयी आशा सोडू नये. मंडळी त्यांच्यासाठी प्रार्थना करते. आणि रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो, देवाच्या प्रीतीपासून आपल्याला मरणही वेगळं करू शकत नाही. ज्यांच्या घरचं माणूस असं गेलंय, त्या आईच्या हातातही हा मेसेज पडतो, याचा विचार केला का कुणी?

फिलिप्पैच्या तुरुंगात कैदी पळाले असं समजून अधिकारी स्वतःवर तलवार उपसतो, तेव्हा कैदेतला पौल मोठ्यानं ओरडतो: स्वतःला काही करू नकोस, आम्ही सगळे इथंच आहोत. मंडळीनं एवढं करावं. अशा घरी दोघांनी जाऊन बसावं, सोबत जेवावं, रात्री एकट्याला ठेवू नये. फवारणीचं औषध त्या घरातून उचलून दुसरीकडं कुलपात ठेवावं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं सोबत न्यावं. मनाच्या त्रासात मदत करणाऱ्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. ज्यांनी तो मेसेज पुढं ढकलला, त्यांनी त्याच ग्रुपवर हा नंबर टाकावा.